पहिली नोकरी साताऱ्यात की पुण्यात? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवटच्या वर्षाचा निकाल जवळ आला की साताऱ्यातल्या घराघरांत हाच विषय निघतो. पोरगं म्हणतं पुणे, आई म्हणते इथंच बघ, आणि वडील पॅकेजचा आकडा विचारतात. कॉलेजमधलं प्लेसमेंटचं काम बघताना मुलं आणि पालक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. हिशेबातले पगार आणि भाडी ‘समजा’ म्हणून धरली आहेत, तुमचे आकडे घालून हिशेब पुन्हा मांडा. कायद्याचे आणि कपातीचे आकडे मात्र खरे आहेत.

पुण्यात ३ लाख ६० हजारांचं पॅकेज मिळतंय. म्हणजे महिन्याला ३० हजार ना?

नाही. पॅकेज म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला जे खर्च करते ते सगळं. त्यात तुमच्या हातात न येणारे पैसेही धरलेले असतात.

समजा मूळ वेतन १५ हजार आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीपोटी (नोकरी सोडताना मिळणारी सेवेबद्दलची रक्कम) ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२०. हे दोन्ही ३० हजारांतून आधीच बाजूला निघतात आणि पगारपत्रकावर २७,४८० उरतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो (फेब्रुवारीत ३००, वर्षाचे एकूण २,५००). राहिले २५,४८०. पॅकेजमधले १० टक्के ‘परफॉर्मन्स’चे म्हणून वर्षाअखेरीस देणार असतील, तर महिन्याचे आणखी ३ हजार वजा. खात्यात पडतात २२,४८०.

आयकराची चिंता या पगाराला नको. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर भरावा लागत नाही.

ऑफर लेटर आलं की एचआरला एकच वाक्य लिहा : ‘दर महिन्याला बँकेत किती रक्कम जमा होईल, ते कळवावे.’ पाहुण्यारावळ्यांत पॅकेज सांगायचं तेव्हा सांगा, हिशेब मात्र या आकड्यावर करा.

साडेबावीस हजारांत पुण्यात भागतं का?

भागतं, पण बेताचंच. कॉट बेसिसवर (एका खोलीत चौघं-पाच जण, एका कॉटचं भाडं) राहणं आणि लाइट मिळून ७ हजार. दोन वेळची मेस साडेतीन हजार. नाश्ता, चहा आणि मेस बंद असते त्या रविवारी रात्रीचं बाहेरचं जेवण, दीड हजार. जाणं-येणं दीड हजार. मोबाइल ३००, महिन्यातून दोनदा साताऱ्याला येणं ८००. कपडे, औषधं, केस कापणं, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाची वर्गणी, असे किरकोळ म्हणून २ हजार. बेरीज १६,६००. उरतात ५,८८०, आणि हे कोणी आजारी पडलं नाही, भावकीत लग्न निघालं नाही तर.

साताऱ्यातली कंपनी हातात १५ हजारच देतेय. मग पुणंच बरं ना?

घाई करू नका. घरी राहून पेट्रोल २ हजार, मोबाइल ३००, चहापाणी दीड हजार, किरकोळ २ हजार आणि घरखर्चाला ४ हजार दिले तर ९,८०० होतात. उरतात ५,२००. म्हणजे पुण्यातल्या साडेबावीस आणि इथल्या पंधरा हजारांत महिन्याअखेरीचा फरक सातशेएक रुपयांचा, आणि ते ४ हजारही घरातच राहिले.

पुण्यात गेलेल्या मुलाचं घरातलं एक ताट कमी होतं, हेही धरा. वडील हे कधी बोलून दाखवत नाहीत, पण किराण्याच्या यादीत तो फरक दिसतो.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कोणीच बघत नाही. एकूण पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येत असेल, तर तुमच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के कापून तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना उपचार मिळतात. पगार २१ हजारांच्या वर गेला की हे कवच जातं. मग कंपनीच्या गटविम्यात आई-वडील आहेत की तुम्ही एकटेच, हे तपासावं लागतं. घरात साखरेची नाहीतर बीपीची गोळी चालू असेल, तर ही एक ओळ तुमचा सगळा हिशेब फिरवू शकते.

पैशाचं सोडा, शिकायला तर शहरातच मिळतं ना?

खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर शहरावर नाही, कामावर अवलंबून आहे.

बी.कॉम. झालेल्या दोघांचं बघा. एक साताऱ्यात सीएच्या ऑफिसात लागतो. पगार तुटपुंजा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये रात्री दहापर्यंत थांबायचं. पण वर्षभरात तो टॅलीतली नोंद, बँक जुळवणी, जीएसटीचं रिटर्न, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर), ऑडिटची फाइल, सगळं हातानं करतो. व्यापारी चिडला की त्याला फोनवर समजावणंही शिकतो. दुसरा पुण्यात एका मोठ्या बीपीओत. ऑफिस काचेचं, कॅब दारात, पण वर्षभर काम एकच : आलेल्या बिलांचे आकडे सिस्टिममध्ये भरणं. तिसऱ्या वर्षी दोघं एकाच मुलाखतीला बसले, तर पहिल्याला सांगण्यासारखं बरंच असतं.

आता उलटं उदाहरण. सॉफ्टवेअरमधल्या मुलीला साताऱ्यात वेबसाइटं बनवणाऱ्या तीन माणसांच्या ऑफिसात काम मिळतं. तिचा कोड तपासायला वर कोणीच नाही. चूक झाली तर ग्राहक सांगेल तेव्हा कळणार. तीच मुलगी पुण्यात अशा टीममध्ये गेली, जिथे वरिष्ठ रोज तिचं काम बघून परत पाठवतात, तर सहा महिन्यांत तिचा हात बदलतो. तिनं पुण्याला जावं, पहिली दोन वर्षं शिल्लक शून्य राहिली तरी जावं.

डिप्लोमा मेकॅनिकलवाल्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. चाकणला नामांकित गाड्यांच्या कारखान्यात लागलो म्हणून गावात पेढे वाटले जातात. पण नोकरी ठेकेदाराच्या पेरोलवर असेल आणि लाइनवर तेच चार बोल्ट आवळायचे असतील, तर वर्षानंतर बायोडेटात लिहायला कारखान्याच्या नावापलीकडे फारसं काही नसतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या जॉब वर्कच्या शॉपमध्ये व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं) सेटिंग, ऑफसेट घेणं, टूल बदलणं, ड्रॉइंग वाचणं आणि हळूहळू प्रोग्रॅमिंग शिकवणारा एखादा मिस्त्री भेटला, तर कमी पगारातही तिथं टिका.

मोठी कंपनी पद्धत शिकवते : कागदपत्रं, तपासणी, शिस्त. लहान जागा एका माणसाला चार कामं शिकवते. पहिल्या नोकरीत यांपैकी एक तरी नक्की मिळालं पाहिजे. दोन्ही मिळत नसतील तर ते शहर परवडत नाही, भाडं कितीही कमी असू दे.

हे मुलाखतीत विचारायचं कसं? उद्धट वाटणार नाही का?

नीट विचारलं तर नाही. ‘शिकायला मिळेल का?’ हे विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. विचारायचं ते असं : माझं काम कोण तपासणार? माझ्या जागी आधी जो होता तो आता कुठल्या कामावर आहे? नेमणूकपत्र कुठल्या कंपनीच्या नावानं निघेल? पाळी कोणती, आणि रात्रपाळीला जायची सोय काय? दुसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला, तर तिथं कोणी पुढं सरकत नाही असं समजा.

साताऱ्याहून रोज अप-डाऊन केलं तर भाडं वाचेल की.

भाडं वाचेल, पण तुम्ही टिकणार नाही. सातारा ते पुणे साधारण ११० किलोमीटर. विनाथांबा गाडीनं स्वारगेटला उतरलात तरी ऑफिस हिंजवडीला असेल तर अर्धं शहर बाकीच असतं. दोन्ही बाजूंचे मिळून सहा-सात तास रस्त्यात जातात. एसटीच्या मासिक पासाला २० दिवसांचं भाडं भरून महिनाभर प्रवास करता येतो, महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून खर्च आटोक्यात दिसतो. पण संध्याकाळी शिकण्याची ताकद उरत नाही, आणि पुण्याला जायचं कारणच ते होतं.

रेल्वेचा पर्याय रोजच्यासाठी नाही. लोहमार्ग जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार असा वळसा घालून येतो आणि सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीला. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली पुणे-कोल्हापूर वंदे भारत आठवड्यातून तीन दिवसांची म्हणून निघाली. पाहुण्यांना आणायला ठीक.

मग शिरवळ?

हा पर्याय मुलं उगाच हलका समजतात. शिरवळ-केसुर्डीचा औद्योगिक पट्टा खंडाळा तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, पुणे आणि सातारा यांच्या साधारण मध्यावर. कंपनीची बस असेल तर साताऱ्याहून जाऊन-येऊन करणारे बरेच आहेत. बस नसेल तर दुचाकीवरून खंबाटकी घाट रोज पार करू नका, विशेषतः रात्रपाळी करून. तिथंच खोली घ्या. फलटणला कमिन्सचा मोठा प्रकल्प आहे, तोही यादीत ठेवा. अभियांत्रिकीच्या मुलाला पुण्यासारखं काम आणि तालुक्याचं भाडं एकत्र मिळायची शक्यता अशाच ठिकाणी जास्त.

पुण्यात राहायचं कुठं? सगळे कात्रजला राहतात.

सगळे कात्रज, धनकवडी, नऱ्हे भागात राहतात, कारण तो भाग साताऱ्याच्या बाजूला आहे आणि गावाकडची चार माणसं तिथं आहेत. पण तुम्ही साताऱ्याला महिन्यातून दोनदा येणार आणि ऑफिसला सव्वीस वेळा जाणार. खोली ऑफिसजवळ बघा. कात्रजहून हिंजवडीला रोज नवले पूल आणि चांदणी चौकातून जाण्यापेक्षा वाकडला हजार रुपये जास्त दिलेले परवडतात.

ऑफिस पिंपरी-चिंचवडकडे असेल तर मेट्रोचा विचार करा. २९ सप्टेंबर २०२४ पासून ती स्वारगेटपर्यंत आली आहे. सातारची एसटी जिथं सोडते तिथूनच खाली उतरून थेट पिंपरीपर्यंत जाता येतं. या मार्गावरच्या स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली मिळाली, तर दुचाकी नेण्याची गरजच नाही.

मालक म्हणतात ११ महिन्यांचाच करार आहे, नोंदणी लागत नाही.

लागते. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत ११ महिन्यांची असो वा कितीही. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. हे मालकाला गोड शब्दांत सांगितलं की नोंदणी बहुतेक वेळा होते. ती ऑनलाइन होते, आणि खर्च सगळ्या रूम पार्टनरांत वाटला की फार पडत नाही.

कॉट बेसिसवर असा करार सहसा कोणी करत नाही. तिथं निदान डिपॉझिटची रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि पैसे रोख देऊ नका. खोलीचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, भिंतीच्या ओलीसकट.

पहिला पगार होईपर्यंत किती पैसे जवळ हवेत?

वरचेच आकडे धरले तर भाडं ७ हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट १४ हजार, मेसचे साडेतीन, गादी-बादली-कुलूप असं ३ हजार, आणि पगार हातात येईपर्यंतचा बाकी खर्च. ३५ ते ४० हजार. महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर रुजू झालात तर बऱ्याच कंपन्या ते दिवस पुढच्या पगारात धरतात, म्हणून शक्यतो एक तारखेला रुजू व्हा. ही रक्कम आई-वडिलांकडून घेतली तर परत करायची आहे असं धरूनच घ्या.

कंपनी दोन वर्षांचा बॉण्ड आणि मूळ मार्कशीट मागतेय.

बॉण्ड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर भरपाई देण्याचा करार. मूळ कागद देऊ नका. पडताळणीला दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रत घेऊन घरी या.

‘बॉण्डला कायद्यात किंमत नसते’ असं मित्र सांगतात, ते पूर्ण खरं नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेसाठीची दोन लाखांची अट वैध ठरवली. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते, कागदावर लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. कंपनी खरंच खर्च करून प्रशिक्षण देणार असेल, तर एक वर्षाच्या बॉण्डला घाबरू नका. प्रशिक्षण नाही, पगार किरकोळ आणि बॉण्ड दोन वर्षांचा, अशा ठिकाणी सही करू नका.

‘कन्सल्टंट’ म्हणून घेतायत. पीएफ नाही, १० टक्के टीडीएस कापणार.

म्हणजे तुम्ही त्यांचे कर्मचारी नाही. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बहुधा पगारी रजाही नाहीत. कापलेला टीडीएस मात्र बुडत नाही. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो, तो दर वर्षी न विसरता भरा. तुलना करताना अशा पगारातून निदान पीएफएवढी रक्कम मनातल्या मनात वजा करा. काम उत्तम असेल तर वर्षभर घ्यायला हरकत नाही.

एजंट ३० हजारांत नोकरी लावून देतो म्हणतोय.

नाही. एक रुपयाही नाही, ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’ म्हटलं तरी नाही.

मुलीला एकटीला पाठवायचं धाडस होत नाही. काय बघावं?

मुलगी शिकली, नोकरी मिळाली, आता धाडस तिनं केलंच आहे. तुम्ही एकदा तिच्याबरोबर जाऊन खोली बघा. बसस्टॉप किंवा मेट्रो स्टेशनपासून खोलीपर्यंतचा रस्ता रात्री आठ-नऊ वाजता चालून बघा, दुपारी बघून काही कळत नाही. कंपनी उशिरा सोडत असेल तर घरापर्यंत कॅब देते का, ते लेखी घ्या. हिशेबात एक छोटी सूट : महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंतच्या वेतनावर व्यवसाय कर नाही.

आणि मुलगा असता तर हा प्रश्न विचारला असता का, हे एकदा घरात बोलून बघा.

नोकरी लागली. बुलेट हप्त्यावर घेऊ का?

पहिल्या वर्षी नाही. वरच्या हिशेबात पुण्यात ५,८८० उरले होते. गाडीचा हप्ता, विमा आणि पेट्रोल मिळून ते संपतात आणि वर उसनवारी होते. पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. हप्ता चालू असलेला मुलगा वाईट नोकरी सोडू शकत नाही, आणि हे वरिष्ठांना लगेच कळतं. ‘नो कॉस्ट’ हप्त्यावरच्या मोबाइललाही हेच लागू. आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडू द्या, मग गाडी घ्या, गावच्या जत्रेत मिरवा.

घरी किती पाठवावेत? शैक्षणिक कर्जही आहे.

कर्ज आधी. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. म्हणून पहिल्या पगारापासून निदान व्याजाएवढे तरी भरा. घरी ठरावीक रक्कम ठरावीक तारखेला पाठवा, दोन हजार का असेना. एका महिन्यात आठ हजार आणि पुढचे तीन महिने काही नाही, यानं घरच्यांचं नियोजन बिघडतं.

संध्याकाळचा एखादा कोर्स करावा का?

कर्मवीरांच्या साताऱ्यात कमवा आणि शिका हे नव्यानं सांगायला नको. पण कोर्स निवडताना रोजच्या कामात उद्या वापरता येईल असाच घ्या. टॅली येणाऱ्यानं प्रगत एक्सेल, मशीनवर असलेल्यानं मोजमाप आणि ड्रॉइंग. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी दिसली की पुढच्या गल्लीत चौकशी करा.

नोकरी कधी बदलावी?

पहिलं वर्ष पूर्ण होऊ द्या. दोन वर्षं झाली आणि काम तेच राहिलं, तर बघायला लागा. दोन हजार जास्त मिळतात एवढ्याच कारणानं सहा-सहा महिन्यांनी उड्या मारणाऱ्याला तिसऱ्या मुलाखतीत अवघड जातं. उलट काम वाढतंय, जबाबदारी वाढतेय आणि पगार हलत नाही, तर आधी तिथंच मागा, आकडा लिहून मागा.

बदलताना पीएफ काढू नका, नव्या नोकरीत वर्ग करा. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं, आणि सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर ती रक्कम करपात्र ठरते. ‘थोडेच आहेत’ म्हणून काढलेले पैसे नव्या मोबाइलमध्ये जातात, असाच अनुभव आहे.

तीन वर्षांनी साताऱ्याला परत यायचं आहे. आत्तापासून काय करावं?

साताऱ्यात ज्या कामाला माणूस मिळत नाही, ते काम शिका. इथल्या कारखानदारांशी बोललात तर ते हेच सांगतात की कामगार मिळतात, पण गुणवत्तेचे कागद तयार करून ग्राहकाच्या ऑडिटला उभा राहणारा माणूस पुण्याहून आणावा लागतो. तसा माणूस होऊन आलात तर पगाराची बोलणी तुम्ही कराल. घरून काम देणारी नोकरी असेल तर बदलीचं पत्र लेखी घ्या, तोंडी परवानगी मॅनेजर बदलला की संपते.

पुण्याहून निघताना ही कामं त्याच महिन्यात उरका : नोटीस पिरियड पुरा करून रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली का ते. घरमालकाला करारात लिहिलेल्या मुदतीआधी सूचना द्या, नाहीतर डिपॉझिटमधून महिन्याचं भाडं जातं. मेसवाल्याची अनामतही मागून घ्या, ती बहुतेक जण विसरतात.